चर्चमधल्या मावशींना "माझ्याबरोबर बायबल वाचाल का" असं कसं विचारू?

तू लिहिलंयस की नवापूरहून नोकरीसाठी नाशिकला आलीस, अंबडला कंपनीत आहेस, रविवारी उपासनेला जातेस, पण बायबल एकटीने वाचताना अडतेस. मंडळीतल्या एका वयस्क मावशींकडे शिकावंसं वाटतं, पण कसं विचारायचं आणि त्यात करायचं काय, ते कळत नाही. (तुला "तू" म्हणते. माझ्या धाकट्या मुलीहूनही लहान आहेस.)

विचार. येत्या रविवारीच विचार.

मी सव्वीस वर्षांची असताना आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला असंच विचारलं होतं. सगळे त्यांना बाई म्हणत. शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीत राहायच्या. मी म्हटलं, "बाई, मला बायबल शिकवाल?" त्या म्हणाल्या, "शिकवणं आता पुरे झालं. वाचायला ये. मंगळवारी पाचला." चार वर्षं मी दर मंगळवारी गेले.

बाईंची पद्धत अशी. मी उतारा मोठ्याने वाचायचा, मग त्या वाचायच्या. मग पुस्तक मिटायचं आणि मी तीच गोष्ट माझ्या शब्दांत सांगायची. त्या मेथी निवडत ऐकत. माझ्या सांगण्यात जे सुटलं असेल, नेमकं तिथेच त्या बोट ठेवत.

मार्कच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायातली रक्तस्राव होणारी स्त्री घे. येशू याईर नावाच्या माणसाच्या आजारी मुलीकडे निघालाय, तेव्हा वाटेत ती येते. मी भराभर सांगितलं: बारा वर्षं आजारी होती, वैद्यांपायी सगळं गेलं, गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला शिवली, बरी झाली. बाई म्हणाल्या, "बरी झाली ना? मग तो थांबला कशाला?" मी गप्प. "याईराची मुलगी तिकडे मरायला टेकलीये. घाई आहे. तरी हा रस्त्यात उभा राहून विचारतो, मला कोण शिवलं? कशाला?" मला सांगता येईना. त्यांनीही सांगितलं नाही. "पुढच्या मंगळवारी सांग," म्हणाल्या.

आठवडाभर मी तो उतारा वाचत होते, बसमध्ये, स्वयंपाक करताना, रात्री. तेव्हा कुठे दिसलं की याईराची मुलगीही बारा वर्षांचीच आहे. एकीचं आयुष्य जितकं, तितकाच दुसरीचा आजार. आणि मुलीसाठी धावणाऱ्या बापाच्या देखत येशू त्या अनोळखी बाईला "मुली" म्हणतो. ती लपून बरी होऊन निघून गेली असती, तर शरीर बरं झालं असतं. पण रक्तस्रावामुळे लोक तिला अशुद्धच समजत राहिले असते. त्याने तिला सगळ्यांसमोर बोलायला लावलं. हे मला कुणी आयतं सांगितलं असतं तर आज आठवलंही नसतं.

म्हणून सांगते, मावशींना सगळं येतं का हे बघू नकोस. "मला ठाऊक नाही, पाळकसाहेबांना विचारू" असं त्या मोकळेपणाने म्हणू शकतात का, ते बघ. आणि तुझं बोलणं पुरतं ऐकून घेतात का.

दोघांनी मिळून वाचणं ही काही नवी टूम नाही. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात अपुल्लोस हा मोठा वक्ता, शास्त्रात तरबेज. पण त्याला अर्धंच ठाऊक होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने त्याला चारचौघांत खोडून काढलं नाही. जवळ घेतलं आणि नीट समजावून सांगितलं. तंबू शिवून पोट भरणारी माणसं ती. आणि त्या ठिकाणी प्रिस्किल्लेचं नाव नवऱ्याच्या आधी येतं, हे बाई मला आवर्जून दाखवत.

त्याच पुस्तकाच्या आठव्या अध्यायातला हबशी अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय. येशूचा अनुयायी फिलिप्प विचारतो, वाचतोस ते समजतं का? तो म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार? हा भाग वाचताना बाई खिडकीकडे हात करून म्हणाल्या, "आपल्या शरणपूरलाही आफ्रिकेची मुलं शिकून गेलीत." मला पत्ताच नव्हता. ख्रिस्ती मिशनने १८५४ मध्ये शरणपूर वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली मुलं तिथे आली, लिहायला-वाचायला शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा मिशनरी संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्याबरोबर होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचं हृदय पुरताना प्रार्थना याच मुलाने वाचली आणि झाडावर लिव्हिंग्स्टनचं नावही यानेच कोरलं. तो इथेच, नाशिकला वाचायला शिकला होता. शरणपूर रोडवरून जाताना मला अजून तो आठवतो.

आता विचारायचं कसं. "मला मार्गदर्शन करा" म्हणू नकोस, माणूस घाबरतो. म्हण, "मावशी, मार्कचे सोळा अध्याय आहेत. आठवड्याला एक, तासभर, माझ्याबरोबर वाचाल का? सोळा आठवड्यांनी थांबायचं की पुढे जायचं ते ठरवू." शेवट ठाऊक असला की हो म्हणणं सोपं जातं, आणि पटलं नाही तर कुणाचं मन न दुखावता थांबताही येतं. शिफ्ट बदलत असेल तर वार आधीच ठरवून घे. पाळकसाहेबांच्या कानावर घाल, लपवण्यासारखं त्यात काही नाही. छापील मराठी जड जात असेल तर वाचलेली गोष्ट रात्री फोनवर आईला तुमच्या बोलीत सांग. काय समजलं नाही ते तिथे लगेच कळेल.

एक मात्र जपून. बाईंच्या आधी मी दुसऱ्या एका गटात जात होते. तिथल्या मोठ्या ताईंना मी विश्वासाने घरातली एक गोष्ट सांगितली. पुढच्या प्रार्थनासभेत ती सगळ्यांसमोर "प्रार्थनेचा विषय" म्हणून आली. माझ्या आईपर्यंत पोचली. मी वर्षभर कुणाजवळ काही बोलले नाही. म्हणून पहिल्याच दिवशी विचार: इथलं बोलणं इथेच राहील ना? आणि कुणी तुझं लग्न ठरवायला लागलं, पगार कुठे जातो ते विचारायला लागलं, "देवाने मला तुझ्याविषयी सांगितलंय" असं म्हणून हुकूम सोडायला लागलं, किंवा हे घरी सांगू नकोस म्हणालं, तर उठून ये. पुन्हा जाऊ नकोस.

मावशी नाही म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नकोस. गुडघे दुखतात, नातवंडं असतात, कित्येकींना आपल्याला काही येत नाही असंच वाटतं. दुसऱ्या कुणाला विचार. पुरुष नको, बाईच बघ; बोलणं मोकळं होतं.

मी आता दोन मुलींबरोबर वाचते. एकीबरोबर गुरुवारी, एकीबरोबर रविवारी उपासनेनंतर. मेथी मीच निवडते. मागच्या महिन्यात पाचवा अध्याय आला, तेव्हा मीही विचारलं, "तो थांबला कशाला?" त्या मुलीने जे उत्तर दिलं ते मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं. ते इथे सांगत नाही. तू आधी मावशींबरोबर वाच.