‘ओरिजिनल उतारा’ आणि नदीचा उतार

जमिनीचा उतारा, विषावरचा उतारा आणि तिकटीवर, म्हणजे तीन वाटा मिळतात तिथे, ठेवलेला उतारा हा एकच शब्द आहे का, आणि आपल्याकडचे कन्नड शेतकरीही जमिनीच्या कागदाला ‘उतार’ म्हणतात तेव्हा तो मूळचा कोणाचा, असे खानापूरकडच्या एका वाचकांनी विचारले आहे.

शब्द एकच आहे. मात्र आधी एक तक्रार नोंदवणे भाग आहे. बेळगावात कोणत्याही सोसायटीत कर्जासाठी जा, ‘झेरॉक्स नको, ओरिजिनल उतारा आणा’ असे हमखास ऐकू येते. अहो, मूळ नोंदीवरून उतरवून घेतलेला तोच उतारा; मूळ दप्तर कोणी पिशवीत घालून आणत नाही. तलाठ्याच्या सहीशिक्क्याचा कागद हवा असेल, तर प्रमाणित उतारा म्हणावे.

संस्कृतातील ‘तॄ’ या धातूचा अर्थ तरणे, पार जाणे. त्याला ‘उद्’ हा उपसर्ग जोडला की पाण्यातून निघून काठाला लागणे. तीर्थ आणि अवतार ही याच धातूची लेकरे. पावसाळा सरल्यावर नदीला उतार पडतो, म्हणजे ती पायी ओलांडता येते. माझे तर ठाम मत आहे की दप्तरातला उतारासुद्धा नदीवरूनच आलेला आहे: मजकूर जुन्या बाडाच्या काठावरून कोऱ्या कागदाच्या काठाला उतरवला. यावर नाक मुरडणाऱ्यांनी ‘नक्कल’ पाहावी. हा शब्द मूळ अरबी, आणि अरबीत ‘नक्ल’ म्हणजे एका जागेहून दुसरीकडे नेणे, वाहतूक करणे, आणि प्रत करणेही. एकमेकींशी नाते नसलेल्या दोन भाषांना कारकुनाचे काम पाहून एकच कल्पना सुचावी, याहून गोड पुरावा मला नको. उताऱ्याची सोयरीक जबाब या अर्थाच्या ‘उत्तरा’शी जुळवणाऱ्या पंडितांनी मात्र व्याकरण पुन्हा उघडावे, कारण त्या उत्तरातला ‘तर’ हा तुलनेचा प्रत्यय आहे, धातू नव्हे.

विष चढते म्हणून उतरवावे लागते, आणि अंगावरून उतरवून टाकलेला दहीभात व लिंबू तिकटीवर जातात. तिथे अर्थ वरून खाली येण्याचा, आणि त्यात फार खोल जाण्यासारखे काही नाही.

राहिला कन्नडचा प्रश्न. 1956 पर्यंत हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि गाव नमुना 7 व 12 यांच्या जोडीने झालेला सातबारा, त्याचा उतारा, ही महसुली बोली तेव्हाच येथील दोन्ही भाषांत मुरली. पुढे कर्नाटकाच्या कागदावर ‘पहाणी’ आणि ‘आरटीसी’ ही सातबाऱ्याची तिकडची नावे छापून आली, तरी शेतकऱ्याच्या तोंडी ‘उतार’च राहिला. शब्द आपल्या दप्तरातून गेला, शेवटचा काना मात्र वाटेत गळला.