गांडुळं पळाली, म्हणजे माती नासली का?

प्रश्न : आमचं उसाचं रान औद्योगिक वसाहतीला लागून आहे. पावसाळ्यात नाल्याचं काळं पाणी एका कोपऱ्यात शिरतं, रात्री कोणीतरी बांधावर फौंड्रीची वाळूही ओतून जातं. त्या कोपऱ्यात गांडूळ दिसत नाही. घरच्या गांडूळखताच्या बेडातली सोडून बघू का? – एक वाचक, हातकणंगले तालुका, जि. कोल्हापूर

उत्तर : दादा, रानात सोडू नका. ती मेली की बांधापलीकडं गेली, हे कसं कळणार? डब्यात बघा.

त्याआधी सांगा, शोधली कधी? एप्रिलात खणलं तर चांगल्या रानातही हाती लागत नाहीत, खोल जाऊन गुंडाळी करून पडतात. जुलै-ऑगस्टात वापसा आला की दोन्ही टोकांना फूटभर खणून मोजा. आणि हुमणीला फोरेट हे कीटकनाशक टाकत होता का? 2020 च्या अखेरीस त्यावर बंदी आली, पण गांडुळांचा त्यानं आधीच बराच फडशा पाडलाय. सगळं नाल्यावर ढकलू नका.

आता डबा. लांबट प्लास्टिकचा घ्या, मधोमध पुठ्ठा उभा करा. एकीकडे त्या कोपऱ्याची माती, दुसरीकडे त्याच रानाच्या लांबच्या टोकाची. ओल सारखी हवी; मुठीत वळावी, पाणी सुटू नये. पुठ्ठा काढून त्या रेषेवर दहा मोठी गांडुळं ठेवा, अंगावर फुगीर पट्टा आलेली. भोकं पाडलेलं झाकण लावा. 48 तासांनी पुठ्ठा परत घाला आणि मोजा. असे चार-पाच डबे करा. आणखी एकात दोन्हीकडे चांगलीच माती घाला. तिथंही सगळी एका बाजूला गेली तर ओल किंवा उजेड चुकलाय. आंतरराष्ट्रीय पद्धतही हीच. संशयित मातीत दहातली दोनसुद्धा राहिली नाहीत, तर ती माती त्यांना राहण्याजोगी नाही असं धरतात.

मेली नाहीत म्हणून खूश होऊ नका. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1984 च्या चाचणीत 14 दिवसांत किती मेली एवढंच बघायचे. पण तांबं जास्त असलेल्या मातीत मोठी गांडुळं धडधाकट फिरतात आणि ककून, म्हणजे त्यांच्या अंड्यांचे कोष, मात्र घटतात. म्हणून पुढच्या चाचणीत मोठी चार आठवड्यांनी काढून घेतात आणि आठव्या आठवड्याला पिल्लं मोजतात. मला हीच जास्त पटते, पण घरी एवढा धीर कोण धरणार!

तुमच्या बेडातली बहुधा आयसेनिया फेटिडा असणार. ती शेणात वाढणारी, रानातली नव्हे. तिला चाललेली माती रानातल्या गांडुळाला चालेलच असं नाही.

आणि गांडूळ पळालं तरी कशामुळं ते सांगत नाही. नुसत्या क्षारानंही पळतं. नेहमीच्या माती परीक्षणात शिसं, कॅडमियम येत नाही. नमुना देताना जड धातूंची तपासणी वेगळी मागा.

डब्यातली गांडुळं कोंबड्यांना टाकू नका, बेडातही परत सोडू नका. कॅडमियम त्यांच्या अंगात साठत जातं.