पदवीवर नाव कुणाचं लागणार?

प्रश्न : सर, माझा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगी इथंच इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.ई. झाली. तिला अमेरिकेतल्या एका लहान इंजिनिअरिंग संस्थेत एमएसला प्रवेश मिळालाय. आता संस्थेनं कळवलंय की वर्ष-दीड वर्षात ती एका मोठ्या विद्यापीठात विलीन होणार. मेहुणे म्हणतात, लॉटरी लागली. बँकेचे साहेब म्हणतात, या संस्थेचं नाव आमच्या यादीत नाही, मोठ्या विद्यापीठाचं पत्र आणा. पोरीला पाठवू का नको?
— एक पालक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : मेहुणे काय आणि बँकेचे साहेब काय, दोघांचीही नजर मोठ्या नावावर आहे. पण प्रवेश दिलाय तो लहान संस्थेनं. उद्या विलीनीकरण लांबलं किंवा फिसकटलं, तरी हीच संस्था, हेच प्राध्यापक आणि हीच फी तुम्हाला चालणार असेल, तर बिनधास्त पाठवा. नुसत्या नावापायी पाठवणार असाल तर थांबा.

नाव बदलण्याची धास्ती निदान सोलापूरकरांनी तरी घेऊ नये. आपलं वालचंद इन्स्टिट्यूट १९८३ चं. तिथल्या जुन्या पोरांच्या पदवीवर शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर असायचं. २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ झालं, २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव लागलं. त्यापायी कुणाची नोकरी अडल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

अमेरिकेतलं उदाहरण तर मजेशीर आहे. १९७३ साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी पैशांच्या चणचणीत होती. तिनं ब्रॉन्क्समधला कॅम्पस विकला आणि आपलं इंजिनिअरिंग ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निककडे सोपवलं. हे पॉलिटेक्निक १८५४ चं, म्हणजे पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या, म्हणजे सीओईपीच्याच वयाचं. पुढं चक्र उलटं फिरलं. २००८ मध्ये पॉलिटेक्निक त्याच युनिव्हर्सिटीशी संलग्न झालं आणि १ जानेवारी २०१४ ला पूर्ण विलीन. २०१५ मध्ये चंद्रिका आणि रंजन टंडन या दांपत्यानं १० कोटी डॉलर दिले, तेव्हापासून ते ‘टंडन स्कूल’. म्हणजे संलग्न होण्यापासून विलीन होण्यापर्यंतच पाच-सहा वर्षं गेली. तुम्हाला सांगितलेलं ‘वर्ष-दीड वर्ष’ मी म्हणूनच पक्कं धरणार नाही. पण जो २०१३ च्या ऑगस्टमध्ये पॉलिटेक्निकमध्ये शिरला आणि २०१५ मध्ये एमएस होऊन बाहेर पडला, त्याला पदवी न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीची मिळाली. वर्ग मात्र ब्रुकलिनमध्येच.

पदवीवर नाव लागतं ते पदवी देण्याच्या दिवशी जी संस्था असेल तिचं. मुलीला सांगा, प्रवेश कार्यालयाला ईमेल करून हे लेखी मागून घे. फोनवरचं गोड बोलणं धरू नये. त्याच ईमेलमध्ये विचारावं की दुसऱ्या वर्षाची फी जुन्या दरानं की मोठ्या विद्यापीठाच्या? माझ्या मते खरी मेख इथं आहे, कारण तुमचं कर्ज दोन्ही वर्षांचं आहे. मोठ्या विद्यापीठाचं वसतिगृह आणि नोकरीमेळावे पहिल्या दिवसापासून खुले असतील का, हेही विचारावं. आणि तिचा कोर्स तोच राहणार ना? दोन संस्थांत एकच विषय शिकवला जात असेल तर विलीनीकरणात कात्री तिथं लागते.

कोर्सचा प्रश्न नोकरीलाही भिडतो. सध्याच्या नियमांनुसार शिक्षणानंतर १२ महिने काम करता येतं आणि तंत्रशिक्षणाच्या पदवीवर आणखी २४ महिने वाढवून मिळतात. ही वाढ आय-२० वरच्या, म्हणजे व्हिसासाठी संस्था देते त्या प्रवेशाच्या कागदावरच्या, विषयाच्या कोडवर ठरते. विभागांची फेरमांडणी होताना हा कोड बदलणार का, ते विचारायला लाजू नये.

आता बँकेच्या साहेबांचं. ते मागतात ते पत्र मोठं विद्यापीठ आज बहुधा देणार नाही, कारण मुलगी अजून त्याची विद्यार्थिनी नाही. त्यांना आय-२०, संस्थेचं मान्यतापत्र आणि विलीनीकरणाची अधिकृत घोषणा एकत्र द्या, आणि प्रकरण विभागीय कार्यालयाकडं पाठवायला सांगा. मंजुरीपत्रात नाव आय-२० वर आहे तेच हवं. मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीत नाहीतर उगाच खुलासे करत बसावं लागतं. नाव बदललं की नवी आय-२० आणून बँकेत दुरुस्ती करून घेता येईल. आणि ईमेलचं उत्तर येईपर्यंत संस्थेचं प्रवेशाचं डिपॉझिट भरू नका. तारीख जवळ आली असेल तर मुदत वाढवून मागा.