दुकान मागू नका, दिलेले पैसे मागा

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. सोळा वर्षं काठमांडूत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, काम करतोय. आधी मामांच्या दुकानात होतो, 2018 पासून न्यूरोडजवळच्या एका गल्लीत स्वतःचं दुकान आहे. परवाना आणि पॅन एका नेपाळी मित्राच्या नावावर, भांडवल सगळं माझं. सुरक्षितता म्हणून त्याच्याकडून 24 लाख नेपाळी रुपयांचा कपाली तमसुक लिहून घेतला होता. मागच्या फाल्गुनात तो वारला. आता त्याची मुलं म्हणतात, दुकान आमचं, पाहिजे तर पगारावर राहा. 1950 च्या करारानुसार भारतीयांना तिथे बरोबरीचे हक्क आहेत ना? मग दुकान माझ्या नावावर कसं करता येईल? एक एजंट तीन लाखांत नागरिकत्व काढून देतो म्हणतो. शिवाय माझा मुलगा 23 वर्षांचा आहे, त्याला तिथल्याच एका नेपाळी मुलीशी लग्न करायचंय. ती 19 ची आहे. लग्नानंतर त्याला नेपाळचं नागरिकत्व मिळून दुकान त्याच्या नावावर होईल का? गावाकडे दीड एकर घ्यायचा विसारही नुकताच दिलाय, त्यामुळे पैशाची घाई आहे.

उत्तर : तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण पैसा अडकलाय तो तमसुकात. म्हणून आधी तो घेतो.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. कागद देवनागरीत असल्याने आपल्याला सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि घोटाळा होतो तो तिथेच. तारीख असोज 2075, म्हणजे आपला 2018 चा सप्टेंबर-ऑक्टोबर. खाली मित्राची सही, डाव्या-उजव्या दोन्ही अंगठ्यांचे ठसे, दोन साक्षीदार. मजकूर काय, तर घरखर्चासाठी तुमच्याकडून 24 लाख कर्ज घेतलं, मुदत संपल्यावर व्याजासकट फेडीन. दुकान, भागीदारी, भट्टी यांचा एका शब्दानेही उल्लेख नाही. कपाली तमसुक म्हणजे काही तारण न ठेवता दिलेल्या कर्जाचा कागद, आपल्या वचनचिठ्ठीच्या भावकीतला.

म्हणजे कागदोपत्री तुम्ही त्या दुकानाचे मालक नाही, भागीदारही नाही. तुम्ही मयताचे धनको आहात. आठ वर्षं भट्टीपुढे बसलेल्या माणसाला हे ऐकायला कडू लागेल, पण तुमच्या हातात धड असं हेच एक आहे, आणि ते तुम्ही स्वतःच्या हाताने घालवायला निघाला आहात.

कसं ते सांगतो. 31 जुलै 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री करारातलं सातवं कलम तुम्ही म्हणता तसंच आहे : एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता बाळगणं, व्यापार आणि ये-जा यांत बरोबरीची वागणूक. गावाकडचा प्रत्येक गलाईवाला हे कलम तोंडपाठ म्हणतो. पण त्याच वेळी दोन्ही सरकारांत पत्रव्यवहार झाला होता, तो कोणी वाचत नाही. नेपाळला आपल्या लोकांना बाहेरच्या अनिर्बंध स्पर्धेपासून काही काळ संरक्षण द्यावं लागेल, हे त्यात मान्य केलंय. पुढे नेपाळने आपले कायदे त्याच अंगाने केले. सरकारी मंजुरीशिवाय परदेशी माणसाच्या नावावर तिथे जमीन चढत नाही, आणि यात भारतीय वेगळा धरला जात नाही. 2019 च्या परदेशी गुंतवणूक कायद्यात परदेशी पैशाला बंद असलेल्या धंद्यांची यादी आहे, तिच्यात घरेलू आणि लघुउद्योग आहेत. 15 कोटी नेपाळी रुपयांपर्यंत स्थिर भांडवल असलेला उद्योग तिथे लघुउद्योगच धरतात. तुमची भट्टी, मुशी, तेजाबाची बरणी आणि टंच (सोन्याचा कस) काढायचं यंत्र धरून त्याच्या आसपास तरी जाता का? खुल्या असलेल्या धंद्यांतही गुंतवणुकीची किमान रक्कम आधी 5 कोटी होती, 2022 मध्ये ती 2 कोटींवर आणली. 1.60 च्या बांधलेल्या दराने आपले सव्वा कोटी.

तेव्हा दुकान तुमच्या नावावर होण्याचा सरळ रस्ता नाही. आणि कोर्टात जाऊन 'दुकान खरं माझंच, मित्राचं नाव फक्त लावलं होतं' असं म्हणालात, तर परवानगी न घेता दुसऱ्याच्या नावाआड धंदा केला ही कबुली तुमच्याच तोंडून जाईल. मुलांच्या वकिलाला मग वेगळं काही शोधायला नको. वर तो विचारेल, हे जर भांडवल होतं तर कर्ज कसलं? दुकान तर मिळणार नाहीच, 24 लाखांचा कागदही लुळा पडेल.

आता कर्जाचं. कर्ज घेणाऱ्याचा मृत्यू झाला म्हणून कर्ज बुडत नाही. वारसांना जी मालमत्ता मिळाली, तिच्यातून ते फेडायचं असतं. वारसाहक्काने दुकान आमचं, हे मुलं छातीठोकपणे सांगताहेत ते एका अर्थी तुमच्या सोयीचंच आहे. व्याजाच्या ओळीत मात्र शेकडा दोन महिना लिहिलंय, त्यावर अडून बसू नका. नेपाळच्या दिवाणी संहितेत खाजगी देण्याघेण्यावर वर्षाला 10 टक्क्यांवर व्याज चालत नाही, आणि 2023 पासून मिटरब्याजाविरुद्ध, म्हणजे अवाच्या सवा सावकारी व्याजाविरुद्ध, तिथे फौजदारी कायदा कडक झालाय. तुमच्यासारख्या परदेशी माणसावर कोणी सावकारीची तक्रार ठोकली तर सगळं प्रकरण उलटं फिरेल.

काठमांडूतला वकील गाठा, आणि याच आठवड्यात. माझी सनद तिथल्या कोर्टात चालत नाही. इथे विट्यात दावा लावू म्हणाल तर मुलं इथे राहत नाहीत, व्यवहार इथे झाला नाही, आणि आपल्या कोर्टाचा हुकूमनामा नेपाळमध्ये थेट बजावता येईल अशी व्यवस्थाही नाही. वकिलाला पहिला प्रश्न विचारा दाव्याच्या मुदतीचा. आठ वर्षं गेलीत, मुदत कुठून मोजायची यावर सगळं ठरेल. तो तुम्हाला विचारेल, पैसे आले कुठून? भारतातून बँकेतून आले, तिथल्या कमाईतले होते, की कंबरेला बांधून सोनौलीच्या सीमेवरून नेले? खरं ते सांगा. परदेशी माणसाने दिलेलं कर्ज म्हणून समोरचा वेगळे आक्षेप काढणारच, आपल्या वकिलाला ते आधी ठाऊक असलेले बरे. तोवर दुकानाला आपलं कुलूप लावणं, माल हलवणं यातलं काही करू नका. गिऱ्हाइकांचं सोनं आत असेल तर वजनासकट यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. चोरीची फिर्याद व्हायला अशा ठिकाणी वेळ लागत नाही.

मुलांचा निरोप तुम्हाला अपमान वाटला. मला त्यात वाट दिसते. त्यांच्यापैकी कोणाला मूस धरता येते? टंच काढता येतो? परवाना त्यांचा असला तरी गिऱ्हाईक तुमच्या हाताकडे बघून येतं, हे त्यांनाही कळतं, नाहीतर पगारावर राहा म्हणालेच नसते. तेव्हा बोलणी अशी करा : दुकान त्यांचं, तुम्ही पगारी कारागीर, आणि तमसुकाचे 24 लाख अधिक कायद्यात बसेल तेवढं व्याज ठरलेल्या हप्त्यांनी परत. हे तोंडी नको. दावा लावून कोर्टातच तडजोड केली तर तिचं 'मिलापत्र' होतं आणि त्याची अंमलबजावणी करून घेता येते. त्याआधी पालिकेच्या न्यायिक समितीकडे जायचं का, हे वकिलाला विचारा. उपमहापौर तिच्या प्रमुख असतात आणि समेट घडवणं हेच तिचं मुख्य काम. पगारावर राहिलात तर श्रम स्वीकृतीचं, म्हणजे कामाच्या परवान्याचंही बघा. 2017 च्या श्रम कायद्यात परदेशी कामगाराला ती लागते. भारतीयांकडे वर्षानुवर्षं काणाडोळा झाला, पण 2019 मध्ये तिथल्या श्रम खात्याने संघटित क्षेत्रातल्या भारतीयांनाही ती घ्यायला लावा असं आपल्या कार्यालयांना कळवलं होतं. व्हिसा लागत नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

एजंटाला आजच नाही म्हणा. खोट्या कागदांवर काढलेली नागरिकता हा तिथे गुन्हा आहे. आणि तुम्ही स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपल्या 1955 च्या कायद्याच्या कलम 9 नुसार भारतीय नागरिकत्व जातं. म्हणजे तीन लाख देऊन दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

मुलाच्या लग्नाचं जमेल तेवढं हळुवार लिहितो. मुलीला 20 पूर्ण होऊ द्या. नेपाळमध्ये मुलगा-मुलगी दोघांनाही 20 ची अट आहे, आधी लग्न लावलं तर ते रद्दबातल आणि लावणाऱ्यांना शिक्षा. आपल्याकडे मुलीला 18 चालतात म्हणून गावी आणून लग्न उरकायची युक्ती कोणी सुचवेल, तिच्या नादी लागू नका, ती परत माहेरी जाणार आहे तिथलाच तो कायदा आहे. नागरिकत्वाचं म्हणाल तर तुमचा हिशेब उलटा पडतो. नेपाळच्या 2015 च्या राज्यघटनेत नेपाळी पुरुषाशी लग्न केलेल्या परदेशी स्त्रीला अंगीकृत नागरिकत्वाची वाट आहे. नेपाळी स्त्रीशी लग्न केलेल्या परदेशी पुरुषाला तशी नाही. तुमची मुलगी तिथे दिली असती तर गोष्ट वेगळी होती. मुलगा जावई झाला तरी भारतीयच राहणार.

मग दुकान सुनेच्या नावावर, हा विचार तुमच्या मनात आला असेलच. एकदा मित्राच्या नावावर ठेवून काय झालं ते बघता आहात. सुनेच्या नावावर जे होईल ते सुनेचं, एवढं मनाशी पक्कं असेल तरच करा, आणि लग्न त्यासाठी ठरवू नका. नातवंडं तिकडे झाली तर जन्माची नोंद एक वर्षाच्या आत लैनचौरच्या आपल्या दूतावासात करा. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यावं लागतं. हे वर्ष निसटलं की पुढे दिल्लीपर्यंत खेटे.

आता दीड एकराचं. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण वाचून माझा हात थांबला. धंद्यासाठी परदेशी राहणारा माणूस फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या हिशेबात अनिवासी ठरतो, मग तो देश नेपाळ का असेना. अनिवासी भारतीयाला घर, गाळा घेता येतो, शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित आहे ती राहते, वारसाने आलेली चालते, नवी खरेदी अडते. खरेदीखत करण्याआधी बँक आणि सीए या दोघांना तुमची खरी स्थिती सांगून विचारा, आणि विसाराची पावती जपून ठेवा. नेपाळी नागरिक असलेल्या सुनेच्या नावावर खरेदी करायची म्हटली तरी रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते, मग ती विट्यात का राहत असेना.

पुढच्या खेपेला विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या. तुमच्या वयाला नुसतं आधार चालत नाही, आणि वकिलाला भेटायला निघालेला माणूस विमानतळावरूनच परत यायला नको.

तमसुकाच्या पुढच्या बाजूचाच फोटो तुम्ही पाठवलात. फेडीच्या नोंदी अशा कागदाच्या पाठीमागे करायची रीत आहे. मित्राने आठ वर्षांत कधी काही रक्कम दिली असेल आणि सहीनिशी मागे लिहिली असेल, तर मुदतीचा सगळा हिशेब तुमच्या वकिलाला वेगळा मांडता येईल का, ते पाहावं लागेल. मागची बाजू कोरी असली तरी तिचा फोटो पाठवा, आणि मूळ कागद दुकानातल्या गल्ल्यात असेल तर आजच बाहेर काढा.