नाताळचं बुकिंग जानेवारीत हलवा, वर तीन माणसं जास्त: काय उत्तर द्यावं?

तुमचा प्रश्न असा: गुहागरला दोन खोल्यांचं घर, 25 ते 28 डिसेंबर तीन रात्री, सहा माणसं, रात्रीचा दर 9,000 रुपये. बारा दिवस उरले असताना पाहुणे म्हणतात, जानेवारीत आठवड्याच्या मधल्या वारी करून द्या, नऊ जण येऊ, सकाळी सहाला पोचू आणि दरातला फरक परत करा. हो म्हणावं तर नुकसान, नाही म्हणावं तर रिव्ह्यूची भीती.

एका मेसेजमध्ये आलेल्या असल्या तरी या चार वेगळ्या मागण्या आहेत. सगळ्यांना मिळून एकच हो किंवा नाही देऊ नका. प्रत्येकीचा हिशोब वेगळा करा.

आधी तारीख. जानेवारीच्या त्या रात्री रिकाम्या दिसतात म्हणून मालक पटकन हो म्हणतो, पण पैसा अडकलेला असतो जुन्या रात्रींत. स्वतःला एवढंच विचारा: या तीन रात्री आता पुन्हा जातील का? जुलैतला मंगळवार बारा दिवस आधी सुटला तर तो बहुतेक रिकामाच जातो. नाताळच्या रात्रींना गिऱ्हाईक असतं, पण तिन्ही सलग जातील याची खात्री नाही. सलग दोनच विकल्या गेल्या तर उरलेली एकटी पडते, आणि तुम्ही किमान दोन रात्रींची अट लावली असेल तर ती कुणाला दिसणारही नाही. म्हणून जुन्या तारखा मोकळ्या केल्या की तेवढ्या दिवसांपुरती ती अट एका रात्रीवर आणा.

आकडे मांडू. जुनी रक्कम 27,000. नवा दर 5,500 धरला तर 16,500. फरक 10,500, म्हणजे रात्रीला 3,500. महिनाभर आधी कुणी विचारलं असतं तर मी हा फरक सरळ सोडा म्हणालो असतो. बारा दिवसांवर मात्र नाही. मधला मार्ग असा: तारीख बदलून द्या, रक्कम 27,000 वरच ठेवा, आणि लेखी कळवा की जुनी रात्र पुन्हा विकली गेली तर त्या रात्रीचे 3,500 परत मिळतील. कमी भावाने गेली तर तुमची तूट वजा करून. 9,000 ची रात्र 7,000 ला गेली तर पाहुण्याला 1,500. यात पाहुण्याला न्याय मिळतो आणि जोखीम ज्याने बदल मागितला त्याच्याकडे राहते. घरात मयत झालं किंवा कुणी दवाखान्यात आहे असं कळलं तर मात्र हा हिशोब बाजूला ठेवा, दाखले मागत बसू नका.

एअरबीएनबी या बुकिंगच्या प्लॅटफॉर्मवर पाहुण्याने पाठवलेली बदलाची विनंती जशीच्या तशी मंजूर केली तर किंमत नव्या तारखांच्या दराने लागते. ती नाकारा आणि तुमच्या बाजूने बदल पाठवा. त्यात तारखा, माणसं आणि एकूण रक्कम तुम्हाला भरता येते. पाहुण्याने तो स्वीकारेपर्यंत मूळ बुकिंग कायम असतं.

पाहुणा “फरक 10,500 कसा, मला तर 14,500 च्या वर दिसतोय” म्हणाला तर तो खोटं बोलत नाही. ते जीएसटीचं काम आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून रात्रीला 7,500 पर्यंतच्या खोलीवर 5 टक्के आणि त्यावर गेलं की 18 टक्के लागतो. म्हणजे 27,000 चे करासह 31,860 होतात आणि 16,500 चे 17,325. तुमची नोंदणी नसली तरी प्लॅटफॉर्मवरून आलेल्या बुकिंगवर हा कर प्लॅटफॉर्म लावतोच. थेट बुकिंगला, नोंदणी नसेल तर, तुम्ही तो घ्यायचा नाही. शुक्रवारचं बुकिंग शनिवारवर नेताना दर 7,200 वरून 7,800 झाला तरी हाच धक्का बसतो, तेव्हा ते आधीच सांगून टाका.

आता एक खेळी ओळखून ठेवा. पैसे परत मिळवून रद्द करण्याची मुदत चेक-इनच्या दिवसापासून मागे मोजतात. मुदत संपलेला पाहुणा आधी तारीख महिनाभर पुढे ढकलून घेतो आणि दोन दिवसांनी नव्या मुदतीच्या आत आरामात रद्द करतो. सगळे असं करत नाहीत, पण “कुठलीही जानेवारीतली तारीख चालेल” असं कुणी म्हटलं की सावध व्हा. थेट बुकिंग असेल तर वाक्य ठरलेलं ठेवा: तारीख एकदाच बदलून मिळेल, बदललेलं बुकिंग रद्द केल्यास ॲडव्हान्स परत मिळणार नाही. यावर व्हॉट्सॲपवर “मान्य” असा उलट मेसेज घ्या, नुसता अंगठा नको. प्लॅटफॉर्मवर तुमची वेगळी अट चालत नाही, त्यामुळे तिथे संशय आला तर तारीख बदलूच नका.

माणसांचं. नऊ जण म्हणजे नुसत्या तीन गाद्या नाहीत. माणशी दिवसाला 135 लिटर पाणी हा आपल्याकडचा मापदंड. सहा जणांना 810 लिटर, नऊ जणांना 1,215. वर हजार लिटरची टाकी असेल आणि महावितरणची लाइट दुपारी गेली तर पंप बंद आणि संध्याकाळी समुद्रावरून वाळू घेऊन आलेली नऊ माणसं आंघोळीला रांगेत. टाकी दोन हजारांची असेल तर विचार करा, नसेल तर आठवर थांबा. शिवाय दोन खोल्यांना संडास किती, शोषखड्डा कधी उपसलाय, हेही बघा. जेवण तुम्ही देत असाल तर नक्की आकडा आदल्या संध्याकाळी हवा, कारण मासळी सकाळी घ्यायची असते. पाच वर्षांखालच्या मुलाला गादी नसेल तर पैसे घेऊ नका, पण मोजा जरूर.

वाढलेली माणसं बुकिंगमध्ये चढवूनच घ्या. “तिघांचे रोख देतो” याला हो म्हटलंत तर नोंदीत सहाच राहतात आणि काही तुटलं-फुटलं तर नुकसानभरपाई मागताना तुमचीच बाजू लंगडी पडते. आलेल्या प्रत्येकाचं ओळखपत्र घ्या. परदेशी नागरिक असेल तर आल्यापासून 24 तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती (आधीचा सी-फॉर्म) सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते.

सकाळी सहा: आदल्या रात्री घर रिकामं असेल तर अर्ध्या दराने द्या. भरलेलं असेल तर खोली मिळणार नाही. बाहेरची न्हाणी, पडवी, सामान ठेवायला जागा आणि चहा-पोहे एवढंच कबूल करा. अकराला एक कुटुंब निघालं तर एका मदतनिसाला दोन खोल्या, चादरी आणि संडास उरकायला दोन-अडीच तास लागतातच.

घर दोन-तीन साइटवर असेल तर क्रम चुकवू नका. आधी नव्या तारखा बाकीच्या सगळ्या कॅलेंडरांवर हाताने बंद करा, मग बदल पक्का करा, मग जुन्या तारखा उघडा. कॅलेंडर एकमेकांना जोडलेली असली तरी ती लगेच जुळत नाहीत, मध्ये काही तास जातात, आणि दुहेरी बुकिंग त्याच फटीत होतं.

आणि वैतागून तुमच्या बाजूने बुकिंग रद्द करू नका. एअरबीएनबीवर मालकाने रद्द केलं तर चेक-इनला 30 दिवसांपेक्षा जास्त असताना 10 टक्के, त्याच्या आत 25 आणि शेवटच्या 48 तासांत 50 टक्के दंड आहे, शिवाय त्या तारखा बंद होऊ शकतात. सगळ्या मागण्या जमत नसतील तर असं लिहा: “नमस्कार, जानेवारीत तारीख हलवून देता येईल, माणसं आठपर्यंत. रक्कम तूर्त तीच राहील, जुन्या रात्री पुन्हा गेल्या तर फरक परत देऊ. उद्या संध्याकाळी सहापर्यंत कळवा, नाहीतर 25 तारखेचं बुकिंग आहे तसं राहील आणि आम्ही तुमची वाट बघू.” उत्तर आलं नाही तर सहा गाद्या घाला आणि 25 ची तयारी करा.