‘भटके एल्फ’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: थंड मुलखात रेनडिअरच्या कळपांमागे फिरणाऱ्या एल्फ लोकांवर (एल्फ म्हणजे युरोपीय दंतकथांतले माणसासारखे अद्भुत जीव) एक कथा लिहून होते आहे. ‘एल्फ’ला मराठी शब्द कोणता, आणि त्यांना ‘भटकी जमात’ म्हटलं तर चालेल का? नमुन्याला एक वाक्यही दिलं आहे: ‘भटके एल्फ बर्फाळ प्रदेशात इकडेतिकडे भटकत असत.’

पहिल्या भागाचं उत्तर सोपं. एल्फला एल्फच राहू द्या. यक्ष म्हटला की मागोमाग कुबेर आणि अलकानगरी येते, परी म्हटलं की पंख फुटतात. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत एल्फांना ‘आल्फर’ म्हणत, त्यांचं कूळ निराळं आहे. मात्र शब्द घरात घेतला की त्याला घरच्यासारखं वागवावं. ‘एल्व्ह्ज’ वगैरे नको. एक एल्फ, दहा एल्फ, एल्फाला, एल्फांचा. बाई असेल तर एल्फीण. वाघीण चालते तर हीही चालेल. पहिल्या दोन पानांत थोडं हसू येईल, मग कान सरावतो.

खरी अडचण ‘भटकणे’ची आहे. हे घरात बसलेल्या माणसाचं क्रियापद. समोरून जाणारा कुठे चालला आहे हे ओट्यावरच्याला ठाऊक नसतं, म्हणून याच्या लेखी तो भटकतो. ‘कुठे भटकत होतास इतका वेळ?’ यात चौकशीपेक्षा ओरडा जास्त असतो. कळपामागे जाणारे लोक असे कुठेही जात नाहीत. उत्तर युरोपातल्या सामी लोकांचंच बघा: त्यांच्यात कित्येक कळप हिवाळा आतल्या जंगलात काढतात आणि उन्हाळ्याला डोंगरावर किंवा समुद्रकाठी जातात, वाट पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. आपल्या शेजारच्या माणसाला ऑफिसची वाट जितकी पाठ, तितकीच त्यांना ती पाठ. शिवाय ‘भटके-विमुक्त’ या जोडीमुळे ‘भटकी जमात’ला सरकारी कागदाचा वास आहे. त्यातला ‘विमुक्त’ तर १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ साली पुसला गेला तेव्हाचा. एल्फांच्या गळ्यात हे कशाला?

‘फिरस्ता’ सुचेल, पण तो एकटा आणि हौशी. ‘स्थलांतर’ पक्ष्यांना आणि अहवालांना शोभतं. माझं मत ‘फिरते एल्फ’ला, तेही निवेदकाच्या तोंडी एखाददुसऱ्या वेळीच. एल्फ स्वतःला फिरते म्हणणार नाहीत. ते म्हणतील, ‘उद्या तळ हलवायचा.’

इथे एक गंमत सांगतो. चालत्या मुक्कामाचे आपले बरेचसे शब्द फौजेबरोबर रुळले: कूच, मजल, राहुटी, डेरा. हे सगळे एका पानावर आले तर एल्फ घोड्यावर बसून मुलूखगिरीला निघाल्यासारखे वाटतात. ‘तळ’ आणि ‘मुक्काम’ तेवढे निरुपद्रवी. तंबूला ‘पाल’ म्हणा. संसाराला ‘बिऱ्हाड’ म्हणा, कारण या शब्दात उचलून नेणं आधीपासूनच आहे. विंचवाचं ते पाठीवरच असतं.

आता ‘बर्फाळ प्रदेश’. हाही बाहेरच्याचाच शब्द. जिथे सगळंच बर्फ, तिथे ‘बर्फाळ’ म्हणून काय सांगितलं? उत्तर सामी भाषेत बर्फाचे शब्द पायाशी आणि खुराशी बांधलेले आहेत. वसंतात वरचा थर उन्हाने विरघळून रात्री पुन्हा गोठतो आणि माणसाचं वजन पेलण्याइतका टणक होतो. त्याला ‘त्सुओङु’ म्हणतात. जमिनीलगत गोठून बसलेल्या बर्फाला ‘चुओह्की’. तो खुराने फुटत नाही, खालचं शेवाळासारखं दगडफूल तोंडाला लागत नाही, आणि जनावर उपाशी राहतं. गोठणं तेच, वर झालं तर वाट, खाली झालं तर उपासमार.

हे शब्द उचलून एल्फांना देऊ नका. सामी खरी माणसं आहेत, त्यांची भाषा परीकथेचा पोशाख नव्हे. पण नजर घ्या, शब्द मराठीत पुष्कळ आहेत. वरच्या थराला ‘खपली’ म्हणता येईल: ‘बर्फाने खपली धरली, आता निघू.’ पाय रुततो तो ‘भुसभुशीत’. खालच्यासाठी मी ‘काचबर्फ’ असा शब्द जुळवला असता. कोशात नसेल, पण वाचताना अडत नाही. आणि ‘हीव’ विसरू नका. तो ‘हिम’चाच लेक, हिवाळा आणि हिवतापाचा सख्खा, अंगात शिरते ती थंडी. एल्फांच्या पोराला ‘थंडी वाजते’ म्हणण्यापेक्षा ‘हीव भरलं’ म्हणू द्या.

तुमचं वाक्य मी असं केलं असतं: ‘खपली धरली तशी एल्फांनी पालं उतरवली, बिऱ्हाड घसरगाड्यांवर बांधलं आणि कळपामागोमाग ती समुद्राच्या वाटेला लागली.’ यात ‘ती’ म्हणजे बिऱ्हाडं की माणसं, हा घोळ मात्र झालाच. ‘ते’ करा.