फिरतीची नवी नोकरी आणि खर्चाची बिलं

आधी कंपनीची ट्रॅव्हल पॉलिसी वाचा. रोजचा भत्ता ठरावीक असेल तर जेवणाची बिलं सहसा लागत नाहीत.

पावती हातात आली की तिथेच मोबाइलवर फोटो काढा. एसटीचं तिकीट, पेट्रोल पंपाची स्लिप हा थर्मल कागद. गाडीत उन्हात राहिला की अक्षरं उडतात. लॉजवर खोली घेतानाच कंपनीचं नाव आणि जीएसटी नंबर लिहून द्या. टोलसाठी फास्टॅगचं स्टेटमेंट काढता येतं.

रिक्षा, हमाली यांची पावती मिळत नाही. मग त्याच संध्याकाळी व्हाउचर, म्हणजे खर्च नोंदवायचा कंपनीचा फॉर्म, भरा. नवीन मुलं हमखास इथे चुकतात: ‘किरकोळ खर्च ८०० रु.’ लिहितात आणि अकाउंट्समधून ते परत येतं. ‘रिक्षा, पुणे स्टेशन ते भोसरी एमआयडीसी, ग्राहकभेट’ असं लिहा. यूपीआयचा स्क्रीनशॉट जोडा, पण नुसत्या त्यावर विसंबू नका. पैसे गेले हे त्यात दिसतं, कशासाठी गेले ते दिसत नाही.

आणि कोणी कोरं बिल देऊ केलं तर अजिबात घेऊ नका. शंभर रुपये बुडाले तरी चालतील, नोकरी जाऊ शकते.

जीएसटी क्रेडिट (बिलात भरलेल्या जीएसटीची कंपनीला मिळणारी वजावट) वगैरे अकाउंट्सवाले बघतील, तुम्ही आत्ता त्यात पडू नका.